दुष्काळी तलावापासून महानदीपर्यंत : शिष्यवृत्तीधारक बाबासाहेब

दरवर्षी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दिवशी आमच्या विद्यालयाच्या प्रांगणात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर विद्यार्थ्यांची भाषणे होतात. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, संविधाननिर्मिती, नागपूरची धम्मदीक्षा हे प्रसंग आमच्या मुलामुलींना मुखोद्गत आहेत. इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला त्याचे समाधान वाटते. तथापि गेल्या पावसाळ्यात नववीच्या एका विद्यार्थिनीने आम्हांला अंतर्मुख केले. नदीला पूर येऊन तिच्या घरात पाणी शिरले होते. सुटी संपवून वसतिगृहात परतल्यावर तिने विचारले की, गावात पुराचे पाणी सर्वांत आधी आपल्याच वस्तीत का येते, आणि या गोष्टीचा अभ्यास करून कोणाला पदवी मिळते का? आम्ही तिला तेव्हा थोडक्यात होकार दिला. पण सविस्तर उत्तर द्यायचे तर बाबासाहेबांचेच चरित्र पुन्हा एकदा वेगळ्या बाजूने वाचावे लागेल, हे आमच्या ध्यानात आले. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर आम्ही येथे मांडत आहोत.

गोरेगावची वाट

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे बालपण साताऱ्यात गेले. ते काळ मोठे कठीण होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दुष्काळांनी मुंबई इलाखा होरपळून निघाला होता. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. खडी फोडावी, माती वाहावी आणि दिवसाच्या मजुरीवर जीव जगवावा, असे त्या कामांचे स्वरूप. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे असेच एका तलावाच्या खोदाईचे काम चालू होते. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी त्या कामावर खजिनदार म्हणून नोकरीस होते.

सुमारे १९०१ साली उन्हाळ्याच्या सुटीत भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटण्यासाठी रेल्वेने मसूर स्थानकावर उतरली. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे त्यांना नेण्यास कोणी आले नव्हते. अंगावर चांगले कपडे असलेली ही मुले महारांची आहेत, हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्याच्या आशेवर कसेबसे तयार झाले. तेही एका अटीवर. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. बरोबर शिदोरी होती, पण पिण्यास पाणी नव्हते. वाटेत कोणी ते दिले नाही. मुलांनी ती रात्र उपाशी आणि तहानलेली काढली. दुसऱ्या दिवशी ती गोरेगावला पोहोचली. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो वाचला आहे.

या कथेतील एक गोष्ट मात्र वाचताना सहसा निसटून जाते. ही मुले ज्या गावी चालली होती, तेथे दुष्काळग्रस्तांसाठी पाण्याचा तलाव खोदला जात होता, आणि त्या कामाचा हिशेब त्यांचे वडील ठेवीत होते. पाऊस न पडणे हे निसर्गाचे संकट खरे. परंतु हंड्यात पाणी असूनही ते न मिळणे हे माणसाने निर्माण केलेले संकट होय. ही दोन्ही संकटे एकाच वाटेवर, एकाच रात्री, नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या अनुभवास आली. आपत्ती सर्वांवर सारखी येत नाही, हे आजचे आपत्तीशास्त्र मोठ्या अभ्यासाअंती सांगते. भीमरावांना ते ग्रंथांपूर्वी तहानेने शिकविले.

बडोद्याचा करार

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींच्या प्रयत्नांमुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तोच वडिलांच्या गंभीर आजाराची वार्ता आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये सयाजीरावांनी परदेशी शिक्षणासाठी निवडलेल्या विद्यार्थ्यांमध्ये भीमरावांचा समावेश झाला. तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड, आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा, असा तो करार होता.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. एडविन सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र, जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान, फ्रँकलिन गिडिंग्ज यांच्याकडे समाजशास्त्र, तर गोल्डनवायझर यांच्याकडे मानववंशशास्त्र असा त्यांचा व्यासंग चालला. शिष्यवृत्तीच्या पैशांतून घरी रमाईंकडे काही रक्कम पाठवावी, उरलेल्यातून जुनी पुस्तके घ्यावीत आणि पोटाला चिमटा द्यावा, असा दिनक्रम होता. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. केले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला आणि त्याच वर्षी डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला.

येथे एक ऐतिहासिक योगायोग नोंदविण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन सुमारे २,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्या शहरातील सॅम्युएल हेन्री प्रिन्स नावाच्या धर्मोपदेशकाने या आपत्तीने समाजात काय बदलले, याचा अभ्यास केला आणि १९२० साली त्यावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. आपत्तीच्या समाजशास्त्रीय संशोधनाचा तो आरंभ मानला जातो. हा प्रबंध कोलंबिया विद्यापीठातच, गिडिंग्ज यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिला गेला. ज्या गुरूंपुढे बाबासाहेब बसले, त्यांच्याच हाताखाली काही वर्षांनी ही ज्ञानशाखा जन्मास आली.

शिष्यवृत्ती संपली तेव्हा

१९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. अर्थशास्त्र आणि कायदा असे दोन्ही अभ्यास त्यांनी तेथे हाती घेतले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये सर्व अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजावर होती ते पाणबुडीच्या माऱ्याने बुडाले. सामानाच्या भरपाईपोटी मिळालेल्या ६०० रुपयांतून त्यांनी कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोदे गाठले.

तेथे काय घडले हे सर्वश्रुत आहे. कार्यालयातील शिपाई त्यांच्या टेबलावर कागदपत्रे दुरून फेकीत. पिण्याचे पाणी मिळणे मुश्कील झाले. राहण्यास कोणी जागा देईना, म्हणून त्यांनी पारशी धर्मशाळेचा आश्रय घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. एका उद्यानात झाडाखाली बसून त्यांनी अश्रूंना वाट करून दिली आणि मुंबईची गाडी धरली.

विद्यार्थ्यांना हा प्रसंग शिकविताना आम्ही एका मुद्द्यावर थांबतो. शिष्यवृत्ती ज्ञान देऊ शकते. पण ते वापरण्याची जागा समाजाने दिली नाही तर ज्ञान झाडाखाली बसून राहते. बाबासाहेब तेथे बसून राहिले नाहीत. सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठविले. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेथे एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टर या पदव्या त्यांनी मिळविल्या. कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि तो सयाजीरावांना कृतज्ञतापूर्वक अर्पण करण्यात आला. पीएच. डी. पदवी विधिवत मिळाली ती ८ जून १९२७ रोजी. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते. पाण्याचा हक्क आणि ज्ञानाची सर्वोच्च पदवी या दोन गोष्टी एकाच वर्षात आल्या, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

त्या प्रबंधाचा विषय ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हा होता. नाव रुक्ष वाटते. आशय मात्र जीवनमरणाचा आहे. लोककल्याणाचा खर्च मध्यवर्ती सरकारने करावा की प्रांताने, आणि त्यासाठी पैसा कोठून आणावा, हा त्याचा गाभा. हे ज्ञान पुढे कोठे उपयोगी पडले, ते आता पाहू.

दामोदरचा पूर

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. जून १९४६ पर्यंत ते त्या पदावर होते. आठ तासांचा कामाचा दिवस, स्त्री कामगारांचे प्रसूतिलाभ, सेवायोजन कार्यालये या त्यांच्या कार्याची चर्चा आपल्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद-झरियाच्या कोळसा खाणींत स्वतः उतरून कामगारांची स्थिती पाहिली. कोळसा काढल्यावर राहिलेल्या पोकळीत वाळू भरली नाही तर छत कोसळते आणि आगी लागतात. त्या भरणाविषयीच्या कायद्यातील दुरुस्ती त्यांनीच विधिमंडळात मांडली. परंतु पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते, याची जाण फार थोड्यांना आहे.

१९४३ साल बंगालसाठी काळरात्र ठरले. त्या वर्षीच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्यातच जुलै महिन्यात बंगालचे दुःख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दामोदर नदीने बरद्वानजवळ बांध फोडला. गावे बुडाली, रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रस्ता तुटला. ऐन महायुद्धात कलकत्त्याचा उर्वरित देशाशी असलेला मुख्य संपर्क कित्येक आठवडे खंडित झाला. बंगाल सरकारने बरद्वानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे एक सदस्य होते. अमेरिकेतील टेनेसी नदीच्या खोऱ्याप्रमाणे संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करावा, असे मत पुढे आले.

प्रश्न असा होता की, नदी उगम पावते बिहार प्रांतात आणि पूर येतो बंगालमध्ये. धरणे बांधायची बिहारात, त्यांत जमिनी बुडणार बिहारच्या आणि संरक्षण मिळणार बंगालला. मग खर्च कोणी करावा? लाभ कसा वाटावा? ज्याने आपला प्रबंधच मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्या आर्थिक संबंधांवर लिहिला, त्याच्यासमोर हा प्रश्न आला, हे देशाचे भाग्य म्हटले पाहिजे. ३ जानेवारी आणि २३ ऑगस्ट १९४५ रोजी कलकत्त्यात झालेल्या परिषदांमध्ये बाबासाहेबांनी मध्यवर्ती सरकार, बंगाल आणि बिहार यांना एकत्र बसविले. पूरनियंत्रणापुरते न थांबता त्याच पाण्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूकही साधावी, आणि त्या खोऱ्यातील गरिबांना त्याचा लाभ मिळावा, असा आग्रह त्यांनी धरला. टेनेसी खोऱ्यात काम केलेले अभियंते व्हूर्डविन यांनी योजनेचा प्राथमिक आराखडा तयार केला. एप्रिल १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे आणि नौकानयन यांसाठी मध्यवर्ती आयोग स्थापन झाला, अ. ना. खोसला त्याचे अध्यक्ष झाले. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे ते मूळ होय. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

कटकची परिषद

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. महानदीच्या पुरांवर त्यापूर्वीही समित्या बसल्या होत्या आणि पुराचे पाणी लवकरात लवकर समुद्रात कसे घालवावे, या विचाराने त्या ग्रासल्या होत्या. बाबासाहेबांनी ही दृष्टीच चुकीची ठरविली. जास्तीचे पाणी हे संकट मानण्यात चूक आहे. पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने माणसे अधिक सोसतात. निसर्ग पाणी सारखे वाटत नाही, म्हणून ते साठवून माणसाने वाटले पाहिजे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. महानदीवरील हिराकुड धरणाची कोनशिला मार्च १९४६ मध्ये बसली.

खटावच्या वाटेवर पाण्याच्या घोटासाठी तळमळलेला मुलगा महानदीच्या काठी उभा राहून पाणी ही आपत्ती नसून संपत्ती आहे, असे देशाला समजावीत होता. या दोन टोकांमध्ये ४४ वर्षे आहेत. या वर्षांना जोडणारा दुवा आहे शिष्यवृत्ती. दरमहा साडेअकरा पौंड नसते, तर आपत्ती भोगणाऱ्यांतला माणूस आपत्तीविषयी निर्णय घेणाऱ्यांच्या मेजाशी कधीच पोहोचला नसता.

इतिहासाच्या निष्ठेसाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दामोदर खोऱ्यात मूळ आराखड्यातील आठ धरणांऐवजी तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच त्या काळात बांधली गेली. पुराचे पाणी साठविण्यासाठी लागणारी सर्व जमीनही संपादित झाली नाही. त्यामुळे १९७८ सारखे मोठे पूर पुढेही आले. हिराकुडच्या जलाशयात शेकडो गावे गेली आणि विस्थापितांना दीर्घकाळ हाल सोसावे लागले. १३ जानेवारी १९५७ रोजी हिराकुडचे उद्घाटन झाले, तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला पाच आठवडे झाले होते. योजनेचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा त्यांचा प्रश्न विचारीत राहणे ही पुढच्यांची जबाबदारी होती.

स्वतःला मिळाले ते इतरांना

आपल्याला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून आपण येथवर आलो, ही जाणीव बाबासाहेबांनी कधी सोडली नाही. मंत्रिपदावर येताच ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी सविस्तर निवेदन दिले. त्यात शिष्यवृत्त्यांची मागणी होती, आणि ती विशेषेकरून विज्ञान व तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी, देशात तसेच परदेशी विद्यापीठांत होती. कला आणि कायदा यांचे शिक्षण कसेबसे परवडते. विज्ञानाचे दार मात्र पैशावाचून उघडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली; मुंबईत सिद्धार्थ आणि औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. आमच्यासारख्यांच्या घरात पहिला पदवीधर निर्माण झाला, तो या परंपरेमुळेच.

आमचे उत्तर

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. होय बाळ, या गोष्टीचा अभ्यास करता येतो आणि त्यासाठी सर्वोच्च पदवीही मिळते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर आपल्या देशात या विषयाला वेगळे स्थान मिळाले आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचे शिक्षण आणि संशोधन चालते. अनुसूचित जातींतील संशोधकांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे बार्टीची, अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांतही संकटे, जोखीम आणि आपत्ती या विषयांवर डॉक्टरेटचे संशोधन चालते.

आमच्या ओळखीच्या काही संशोधकांना अधिछात्रवृत्तीची रक्कम वेळेवर न मिळाल्याने अभ्यास सोडून शिकवण्यांचे वर्ग घ्यावे लागले, हेही आम्ही लपवीत नाही. शिष्यवृत्ती संपल्यावर बाबासाहेबांना परतावे लागले. ती वेळ आजच्या विद्यार्थ्यावर येऊ नये, यासाठी समाजाने जागरूक राहिले पाहिजे. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, नवल भथेनांनी मित्राच्या वेळेला जे केले, ते आपल्यापैकी प्रत्येकाने एका तरी विद्यार्थ्यासाठी करावे.

आणि विषयांची वाण आहे काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे ८,००० माणसे गेली. पुनर्वसनात कोणाची वस्ती कोठे वसली, याचा अभ्यास करावा. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. चवदार तळ्याच्या त्याच तालुक्यातील डोंगरउतारांचा अभ्यास करावा. मराठवाड्याच्या अवर्षणात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण कसे तुटते, पुरानंतरचे पंचनामे आणि मदतवाटप वस्तीपर्यंत कसे पोहोचते, पूररेषेच्या आत कोणाची घरे आहेत, हे सारे प्रबंधाचे विषय होत. ज्याच्या घरात पाणी शिरले आहे, त्याला हे प्रश्न शोधत फिरावे लागत नाही.

भगवान बुद्धांनी दुःख आहे असे सांगून न थांबता दुःखाचे कारण शोधण्यास शिकविले. बाबासाहेबांनी तेच पाण्याच्या बाबतीत केले. आमच्या विद्यालयातून डॉक्टर, अभियंते, अधिकारी बाहेर पडले, याचा आम्हांला अभिमान आहेच. आता येथून एखादी मुलगी आपल्या बुडालेल्या घरावर प्रबंध लिहून परत यावी आणि पूररेषा आखणाऱ्यांच्या मेजाशी तिला खुर्ची मिळावी, एवढी आमची इच्छा आहे. त्या दिवशी ती या प्रांगणात भाषणाला उभी राहील आणि आम्ही श्रोत्यांत बसू.

जय भीम!